आळीतलं जुनं घर

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रूढ झाली तेव्हा घर बांधायचं असायचं. आता बांधायचं काम बिल्डर करतो आणि आपण हप्ते भरतो. पण घराचा एक तिसराही प्रकार आहे, तो म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं घर विकत घेणं. त्याच्यावर म्हण नाही, आणि सल्ला द्यायला येणारे बहुतेक जण ‘घेऊ नका’ एवढंच सांगतात. आम्ही असं घर घेतलं, तेही भिवंडीत. त्या व्यवहारात जे कळलं ते श्रोत्यांपुढे मांडावं म्हणून हा प्रपंच.

भिवंडी म्हटलं की डोळ्यांपुढे यंत्रमागांची खडखड, गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि रस्त्यातले खड्डे येतात. त्यात खोटं काही नाही. पण या सगळ्याच्या पोटात एक जुनं गाव आहे. कामवारी नदीच्या काठी, खाडीच्या वाटेने चालणाऱ्या व्यापारावर वाढलेलं. ब्राह्मण आळी, कासार आळी, तीन बत्ती, मंडई, निजामपुरा, भुसार मोहल्ला ही त्याची नावं. यंत्रमाग आले विसाव्या शतकात, गोदामं आली गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, आळ्या त्याआधीच्या. त्या माणसांच्या आणि बैलगाडीच्या मापाने आखलेल्या. समोरासमोरच्या ओट्यांवर बसून आवाज न चढवता गप्पा होतील एवढाच मधला रस्ता.

आम्ही अकरा वर्षं गावाबाहेर, ठाण्याच्या रस्त्यावरच्या एका संकुलात चौथ्या मजल्यावर राहत होतो. घर चांगलं होतं. लिफ्ट होती, गॅलरी होती, खाली बाग होती. मी शाळेत शिकवते, यजमान नोकरीसाठी ठाण्याला जातात, मुलगा शिकायला पुण्याला. दिवसभर घरात असायच्या त्या सासूबाई. त्यांनी वयाची चौऱ्याहत्तरी गाठली आणि माझ्या लक्षात आलं की त्या बाहेर पडेनाशा झाल्या आहेत. गुडघे ठीक होते, दृष्टी ठीक होती. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की ट्रेलरचा रस्ता. औषध आणायचं तर रिक्षा, भाजीला रिक्षा, देवळात जायचं तरी रिक्षा. त्या एकदा म्हणाल्या, “मला खालपर्यंत जाता येतं गं, पुढे जाता येत नाही.” तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं छापलेलं असतं. ती पाच मिनिटं कोणाच्या पायांची, हे कोणी सांगत नाही. आम्ही घर शोधायला लागलो तेव्हा एक नियम केला. घर पाहायला जायचं ते सासूबाईंना घेऊन, त्यांच्या चालीने, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत. जुन्या गावातल्या या घरापासून त्यांच्या पावलांनी मंडई नऊ मिनिटं भरली. डॉक्टर चार मिनिटं, किराणा दोन, देऊळ सहा. वाटेत बसायला ओटे होते आणि त्यावर बसलं तर ‘कोण पाहिजे?’ असं न विचारता ‘पाणी देऊ का?’ असं विचारणारी माणसं होती. माझी शाळाही पायी पंधरा मिनिटांवर आली. यजमानांचा प्रवास मात्र वाढला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भिवंडी रोड स्टेशन गावापासून लांब आणि ते दिवा-वसई मार्गावर. त्यामुळे ठाण्याला जायचं तर रस्त्याने, आणि त्या रस्त्याची कोंडी ठरलेली. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या भरवशावर आम्ही घर घेतलेलं नाही. जे आज पायाखाली आहे तेवढंच मोजलं.

आता घराबद्दल. दगडी जोतं, पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, परसात विहीर. वर सागाच्या तुळयांवर लाकडी माळा आणि त्यावर मंगलोरी कौलं. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. किंमत आमच्या फ्लॅटपेक्षा बरीच कमी सांगितली होती. स्वस्ताई दिसली की आपण आधी घराकडे पाहतो, भिंतीला चीर आहे का, वाळवी आहे का म्हणून. मी म्हणेन, आधी कागदाकडे पाहा. जुनं घर आधी कागदावर मोडकळीस येतं आणि मग जमिनीवर.

हे मी का म्हणते? भिवंडीच्या माणसाला इमारत कोसळणं ही बातमी नवी नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, जवळजवळ चाळीस माणसं झोपेतच गेली. त्या इमारतीने पन्नाशीही गाठली नव्हती. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात खाली गोदाम आणि वर वस्ती असलेली इमारत पडली, आठ जणांचा बळी गेला. ती तर त्याहून कितीतरी नवी. दोन्ही सिमेंटच्या. त्याच गावात शंभरी ओलांडलेली चुन्याची घरं उभी आहेत, आणि अशी काही घरं पडलीही आहेत. म्हणजे नुसतं वय पाहून काही ठरत नाही. जे पेलणार नाही असं ओझं वर चढवलं, म्हणजे वाढीव मजला, पाण्याच्या टाक्या, यंत्रं, मालाचे ढीग, किंवा वर्षानुवर्षं दुरुस्ती केली नाही, तर घर पडतं. आणि दुरुस्ती का होत नाही? बहुतेक वेळा पैसे नसतात म्हणून नव्हे, तर घर नेमकं कोणाचं हे ठरलेलं नसतं म्हणून. चार भावांच्या सामाईक घरावर एकाने कौल चढवलं की बाकीच्यांना वाटतं, हा हक्क सांगायला लागला. मग कोणीच चढवत नाही. पाऊस मात्र वाट पाहत नाही.

आमच्या घराचं तेच झालं होतं. घरपट्टीची पावती आजोबांच्या नावाची. ते जाऊन पन्नास वर्षं झालेली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. कर कोण भरतो एवढंच ती सांगते. शहरी मिळकतीसाठी पाहायचं ते सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, कोणत्या फेरफाराने लागली, बोजा आहे का, हे सगळं तिथे दिसतं. मग वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, आणि महापालिकेच्या विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ आपल्या ओट्यावरून जाते का याची खात्री. जुन्या गावात ही शेवटची गोष्ट विसरून चालत नाही.

मालमत्ता पत्रकावर तीन भावांची नावं होती. थोरले डोंबिवलीला, मधले पुण्याला, धाकटे इथेच जवळ. तिघेही सज्जन. पण शेजारच्या आजींशी बोलताना सहज कळलं की त्यांना एक बहीणही आहे, नाशिकला. मी दलालाला विचारलं. तो म्हणाला, “बाई, तिला लग्नात दिलंय सगळं. तिचा काय संबंध?” हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं असतं.

आमच्या वकिलांनी संबंध समजावून सांगितला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच वारसा दिला. पण त्याच कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ करायला तयार होत नाहीत तोवर बहिणीला ती मागता येत नसे. म्हणजे हिस्सा होता, पण मागायची सोय नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम गेलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने ती अट उरली नाही. त्या वर्षी वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या या दुरुस्तीने उलगडत नाहीत. इथे वाटणी झालेलीच नव्हती, मृत्युपत्र नव्हतं, नोंदवलेलं हक्कसोडपत्रही नव्हतं. म्हणजे तिघांची सही पुरेशी नव्हती, चौथी हवीच होती. आमच्या गावात मुस्लिम कुटुंबांची घरंही विक्रीला येतात. तिथेही मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. मुलाच्या निम्मा, पण असतोच.

आम्ही भावांना सांगितलं की ताईंची सही झाल्याशिवाय इसार देणार नाही. मधल्या भावांना ते फार लागलं. “आमच्या घरात तुम्ही भांडण लावताय,” असं ते फोनवर म्हणाले. त्याच सुमारास एका कारखानदाराने त्याच घराला आमच्यापेक्षा जास्त किंमत सांगितली. त्याला घर नको होतं, जागा हवी होती. सह्यांचं मी बघून घेतो, असं त्याचं म्हणणं. आमचा फ्लॅट तोवर विकायला काढून झाला होता, गिऱ्हाईक तारीख मागत होतं. सासूबाईंनी तर मनाने विहिरीकाठी तुळस लावूनही झाली होती. यजमान म्हणाले, “राहू दे का? हमीपत्र लिहून घेऊ भावांकडून.” मी नको म्हटलं. हमीपत्राने आपल्याला पैसे परत मिळतील कदाचित. पण जिथे सासूबाईंनी उरलेली वर्षं ओट्यावर बसून काढायची, त्या घरावर कोणा बाईचा दावा लटकत राहावा हे मला पटणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मीही कोणाची तरी बहीण आहे.

तीन महिने गेले. शेवटी थोरले भाऊ स्वतः नाशिकला जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. खरेदीखतावर चौघांनी विकणारे म्हणून सह्या केल्या आणि चौघांच्या नावे चार वेगवेगळे धनाकर्ष दिले. हे मुद्दाम सांगते. पैसे एकाच्या नावे आणि ‘आम्ही आपसात बघू’ हा मार्ग सोपा दिसतो, पण नंतरच्या भांडणाची सुरुवात तिथूनच होते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत त्या ताई प्रथमच भेटल्या. त्यांनी घराबद्दल एकच विचारलं, “विहीर बुजवणार नाही ना?” मी नाही म्हटलं, आणि बुजवलेली नाही.

दुसरा प्रश्न भाडेकरूचा. आमच्या घराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात एक शिंपीकाका आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. दलालाचं म्हणणं, “ते उठतील.” असं कोणी म्हटलं तर सावध व्हावं. घर विकलं जातं, भाडेकरू विकला जात नाही. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मालक बदलला तरी राहतं. खरेदी करणारा फक्त जुन्या मालकाच्या जागी येऊन बसतो. त्यामुळे भाडेकरू राहणार हे धरूनच किंमत ठरवावी. आम्ही तशीच ठरवली. काका आहेत, त्यांचं शिवणयंत्र चालू असतं, आणि दिवसभर दारात ओळखीचं माणूस असण्याची किंमत कोणत्याही कुलपापेक्षा जास्त आहे.

कागद झाल्यावर मग लाकूड आणि भिंती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणं महापालिका अधिनियमाच्या कलम २६५(अ) नुसार बंधनकारक आहे. अभियंत्याबरोबर एक जुना सुतारही न्यावा. आमच्या सुताराने तुळईच्या मध्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुळई भिंतीत जिथे शिरते ती टोकं त्याने पेचकसाने टोचून पाहिली, कारण ओल तिथे मुरते आणि लाकूड आतून कुजतं. हातोडीने ठोकलं की निरोगी साग खणखणीत बोलतो, पोखरलेला बद्द वाजतो. नऊ तुळयांपैकी दोनच बदलाव्या लागल्या. वासे आणि रिपा मात्र निम्म्याहून अधिक गेल्या होत्या.

भिंतींबाबत एक धोका सांगते. चुन्याच्या भिंतीचा गिलावा फुगला की गवंडी लगेच सिमेंट लावायला निघतो. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, लोणा धरतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. आम्ही चुनाच मळून लावला. मजुरी जास्त पडली, कारण ते काम येणारी माणसं आता कमी. एकूण दुरुस्तीला घराच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा लागला. तो आधीच बाजूला काढून ठेवावा, कारण त्यासाठी कर्ज सहज मिळत नाही. घरासाठीही बँका जुनं लाकडी बांधकाम पाहून हात आखडता घेतात. मूल्यांकन करणारा घराचं उरलेलं आयुष्य मोजतो आणि कर्जाची मुदत त्यात बसवतो. आमचा फ्लॅट विकला गेला म्हणून निभावलं.

आणखी दोन गोष्टी खास भिवंडीच्या. एक, घर शुक्रवारी पाहू नये. बहुतेक कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते, माग बंद असतात आणि आळी फार शांत वाटते. इतर दिवशी जावं, रात्रीही जावं. भिंतीला तळहात लावून उभं राहावं. शेजारच्या मागांचा हादरा आपल्या भिंतीत येतो का ते हाताला कळतं. दोन, २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारावं. कामवारीच्या काठच्या माणसांना ती खूण अजून बोट ठेवून दाखवता येते.

आणि शेजार? घर विकत घेता येतं, शेजार घेता येत नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत भयंकर दंगली पाहिल्या. घरं जळाली, माणसं गेली, कित्येकांनी राहत्या वस्त्या बदलल्या. पण १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्याआधी इथे पोलीस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्यांना त्याचं श्रेय दिलं जातं. वेगवेगळ्या धर्मांचे, धंद्यांचे शेजारी नियमाने एकत्र बसत, एकमेकांना नावाने ओळखत. मला वाटतं, पायी चालण्याजोग्या वस्तीचा मोठा उपयोग हाच. गाडीतून जाणारा माणूस रस्ता ओळखतो, पायी जाणारा माणसं ओळखतो. आता दोन दिवस सासूबाई मंडईत दिसल्या नाहीत तर भाजीवाली काकांकडे चौकशी करते.

हे ऐकून कोणी उठून जुनं घर घ्यावं असा माझा आग्रह नाही. कौलं दर मे महिन्यात परतावी लागतात, माळ्यावर उंदीर असतात, गाडी आळीत शिरत नाही, पाहुणे आले की ती चौकात लावून यावं लागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी फ्लॅटमध्येच सुखाने राहावं.

माझं सांगणं खरं तर घेणाऱ्यांपेक्षा ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांना आहे. तुमच्या गावातलं आजोबांचं घर आज बंद असेल. कौलं सरकली असतील, दिवाळीला कोणीतरी जाऊन कुलूप पाहून येत असेल. त्या घराला नंतर गवंडी हवा. आधी मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, वारसनोंदी लावून घ्या. आई-वडील आहेत तोवर बसून बोला, आणि त्या बैठकीत बहिणींना बोलवा, नुसतं चहा करायला नव्हे. कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर तो राजीखुशीने आणि नोंदवलेल्या कागदावर सोडू द्या. मग घर ठेवा, विका, भाड्याने द्या. पण पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या कौलांवर कोण चढणार, याचं एक नाव ठरवून टाका.